दार काही उघडत नाही

आणि दार उघडतच नाही हो! तुम्हाला सांगते, मंगळवारपासनं ऐकतेय मी... कर्रर्र... कर्रर्र... दार करकरतंय, कुणीतरी बाई दारापुढं श्वास रोखून उभी आहे, भिंतीपलीकडं माझाही श्वास अडकलाय, तव्यावरची पोळी करपतेय, आणि आता उघडणार, आता उघडणार म्हणेपर्यंत धाडकन काहीतरी आपटतं आणि सगळं गप्प! मग परत पहिल्यापासनं कर्रर्र! दिवसातनं साठ-साठ वेळा! पोळी करपली ती करपली, पण पुढं काय झालं? ते मात्र नाही सांगायचं!

नाही नाही, शेजारी कुणी भांडत नाही. आमचाच कुशल आहे तो. माझा मुलगा, सव्वीस वर्षांचा. ट्रेलर कापतो. म्हणजे अडीच तासांच्या पिक्चरमधनं दोन मिनिटं काढायची, ती अशी काढायची की बघणाऱ्याची झोप उडाली पाहिजे, आणि कळलं मात्र काही नाही पाहिजे. याला पगार देतात! इथं चेन्नईत कॉम्प्युटरच्या कंपनीत चांगला चिकटला होता, गळ्यात पट्टा, दुपारचं जेवण फुकट, ते सोडून सहा महिन्यांपूर्वी हे धरलं. तेही भुताचे पिक्चर नाहीत हं, भूत परवडलं, भुताला लिंबू-मिरची तरी असते. हे मनातलं असतं म्हणे. सायकॉलॉजिकल. मी विचारलं, "अरे, मग भूत कुठाय?" तर म्हणाला, "आई, भूत नाहीच. बाईला वाटतंय, तिच्या स्वयंपाकघरात काल नसलेलं एक दार आज आहे." आता बोला! आमच्या अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये असलेली दारंच धड लागत नाहीत पावसाळ्यात, आणि हा नसलेली आणतोय!

याचे बाबा, म्हणजे आमचे संजीवराव, श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात आहेत. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, बोलणं मोजकं. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, "दसऱ्यापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर गुपचूप जुन्या कंपनीत." पोराचं तोंड एवढंसं झालं हो. आईचं काळीज, मी काय करणार? मला ट्रेलर येतो का कापायला? मला येतं ते मी केलं. श्रावणाचे पाच शुक्रवार धरले. लक्ष्मीचे. दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा, कहाणी, आणि मागणं एकच : बाई गं, माझ्या कुशलचं काम टिकू दे.

आणि तुम्हाला सांगते, दुसऱ्याच शुक्रवारी व्यासराज सरांचा फोन! हे निर्माते. मोठं माणूस, मूळ तंजावरकडचे, घरात पूर्वी मराठी होती पण आता तमिळच. म्हणाले, नव्या पिक्चरचा ट्रेलर कुशल, तू एकट्यानं कर. आवडला तर कायम. नाही आवडला तर नमस्कार. मी देवीला साखर ठेवली. मला काय माहीत, साखर कशावर ठेवतेय ते!

कारण मग घरातला एकेक आवाज जायला लागला. अहो खरंच! कुशल माईक घेऊन घरभर. न्हाणीघरातला नळ गळतो, मी गेले वर्षभर प्लंबर बोलव म्हणतेय, तर म्हणे, "आई, नळाला हात लावू नकोस, तो फार छान गळतो." नळ गेला ट्रेलरमध्ये. कुकर लावला, पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी होणार तेवढ्यात यानं गॅसच बंद केला! मी म्हटलं, "अरे, डाळ!" तर म्हणे, "आई, माणसं तिसऱ्या शिट्टीची वाट बघत राहिली पाहिजेत." डाळ कच्ची, आणि घरात तीन माणसं तिसऱ्या शिट्टीची वाट बघत बसलेली. आणि देवघरातली घंटा! माझ्या लग्नातली, चांदीसारखा आवाज. ती यानं कॉम्प्युटरवर वीसपट हळू केली. काय ऐकू आलं सांगू? विहिरीच्या तळाशी म्हैस हंबरत होती!

मग त्यानं मला समोर बसवून समजावलं. पोरगा समजावतो छान. म्हणाला, "आई, हे बघ, आधी सगळं नेहमीचं दाखवायचं. बाई कॉफी गाळतेय, रेडिओ लागलाय, ऊन आलंय. मग एकच गोष्ट जराशी चुकवायची. रेडिओ बंद आहे, तरी गाणं ऐकू येतंय. मग खालनं एक घुमणारा आवाज आणायचा, इतका हळू की कानाला कळत नाही, पोटाला कळतो. मग भराभर चित्रं, नजर ठरू द्यायची नाही. आणि सगळ्यांना वाटलं की आता किंकाळी येणार, की तिथं किंकाळी नाही द्यायची. शांतता द्यायची. पडदा काळा. एक... दोन... तीन मोजायचे. मग नाव."

"आणि मग?"

"मग काय? संपला ट्रेलर."

"अरे, पण पुढं काय झालं?"

"ते नाही सांगायचं आई! ट्रेलर म्हणजे भूक लावायची, वाढायचं नाही."

भूक लावायची आणि वाढायचं नाही! माझ्या घरात, श्रावणात, उपासाच्या दिवशी, हे माझ्या पोटचं पोर मला सांगतंय!

पण खरी गोष्ट पुढंच आहे. सगळं झालं त्याचं, घंटा झाली, नळ झाला, फक्त आवाज नव्हता. कुणीतरी बाईनं अगदी हळू, कानाशी येऊन काहीतरी सांगायला हवं होतं. आणि तो शुक्रवार. तिसरा. मी देवापुढं बसून कहाणी सांगत होते, ऐकायला शेजारच्या कनका मामी. या मामी पण तंजावरच्या मराठी, सत्तरीच्या, त्यांची मराठी ऐकली की वाटतं जुना कागद बोलतोय आणि मधेच तमिळ शिंकतोय. तर कुशल दारात आला, ऐकत राहिला, आणि म्हणाला, "आई, हेच! हेच हवंय मला! आत चल, माईकसमोर सांग."

आता ही कहाणी पोथीत नाही मिळायची, आमच्या सासूबाईंकडनं आलेली आहे. मी म्हटलं, "सांगते, पण ऐकणाऱ्याच्या मुठीत अक्षता लागतात, आणि संपेपर्यंत मूठ सोडायची नाही." कुशलनं एका हातात माईक धरला, दुसऱ्या मुठीत अक्षता. मामी पण आत येऊन बसल्या, मूठ आवळून. आणि मी सुरू केलं.

ऐका हं. एका गावात एक सासू-सून. घरात कशाला कमी नाही, पण कुणाच्या हातावर कधी घास ठेवलेला नाही. घराच्या मागल्या अंगाला एक कोठी, तिचं दार कायम बंद. सासू म्हणते, "सूनबाई, सगळीकडं झाड, पण त्या दाराला हात लावू नकोस." पहिल्या शुक्रवारी सुनेला वाटलं, आत कुणीतरी रडतंय. दुसऱ्या शुक्रवारी खात्रीच पटली. तिसऱ्या शुक्रवारी आतनं दारावर टकटक झाली. चौथ्या शुक्रवारी आतल्या आवाजानं तिचं नाव घेतलं. पाचव्या शुक्रवारी सासू देवळात गेलेली बघून सुनेनं दिवा घेतला, कोठीपाशी गेली, कडीवर हात ठेवला, आणि...

"बास आई! परफेक्ट!"

बास? अहो, बास काय? कडीवर हात आहे तिचा! मी म्हटलं, "अरे, अजून संपली नाही!" तर म्हणे, "एवढंच हवंय." आणि त्यानं काय केलं असेल? मूठ सोडली! टेबलावर! अक्षता सगळ्या त्या कीबोर्डात! मी डोळेच मिटले. कॉम्प्युटरची कुठली तरी कळ दाण्यावर अडकली आणि माझा आवाज आपोआप सुरू झाला, "कडीवर हात ठेवला, आणि... कडीवर हात ठेवला, आणि... कडीवर हात ठेवला, आणि..." मामी उठून उभ्या, मूठ अजून आवळलेली. "अय्यय्यो रत्ना, अर्धी कथा टाकूं नये गो! ही मूठ मी आता कुठें सोडूं?" मी म्हटलं, मामी, थांबा, तुम्हाला सांगते पूर्ण. त्यांना तिथल्या तिथं पूर्ण सांगितली, त्यांची मूठ सुटली. पण कुशल? तो कानाला हेडफोन लावून बसलेला. ज्याच्यासाठी व्रत धरलं, त्यानंच कहाणी अर्ध्यात टाकलेली!

मी दोन दिवस त्याच्या मागं होते. "बाळा, पाच मिनिटं दे. उरलेली ऐक." "आई, सोमवारी ट्रेलर द्यायचाय." "अरे, तुझ्याचसाठी..." "सोमवारनंतर, आई, नक्की." आणि सोमवारी ट्रेलर गेला. त्यानं व्यासराज सरांना सांगितलं होतं, हा आवाज तात्पुरता आहे, नंतर तमिळ बाईचा घालू. सर म्हणाले म्हणे, "आवाज बदलायचा नाही. माझी आजी अशीच बोलायची. अर्धं कळतंय, अर्धं नाही, अंगावर काटा आलाय. खाली तमिळ अक्षरं टाका आणि सोडा."

सोडला. दोन दिवसांत नऊ लाख लोकांनी बघितला.

कुशल नाचतोय, त्याचे बाबा पण बसमधनं फोन करतायत, "अगं रत्ना, इथं सगळ्यांच्या फोनमध्ये तू बोलतेयस!" आणि मी? मी खुर्चीत बसलेली. नऊ लाख! नऊ लाख लोकांनी लक्ष्मीची कहाणी अर्धी ऐकली, ती माझ्या तोंडनं! आणि खाली सगळ्यांनी काय लिहिलेलं? तमिळमध्ये, इंग्रजीत, हिंदीत, सगळीकडं एकच, पुढं काय झालं? पुढं काय झालं? पुढं काय झालं? नऊ लाख माणसं मला विचारतायत हो! देवी कशी पावणार? पोराचं काम कसं टिकणार?

मामींना विचारलं. मामी म्हणाल्या, "ज्याच्या कानीं अर्धी पडली, त्याला उरलेली सांगून टाक की गो. सरी, ठीक होऊन जातें." सांगून टाक की! सोपं होतं की! मी चौथ्या शुक्रवारी सकाळी अंघोळ करून, फोनला हळदकुंकू लावून, त्या ट्रेलरच्या खाली बोटानं एकेक अक्षर दाबत सगळं लिहिलं. की सुनेनं कडी काढली. आत कुणी हडळ नाही, कुणी बांधलेलं नाही, साक्षात लक्ष्मी बसली होती, भुकेली. म्हणाली, "या घरात दारी आलेला उपाशी परत जातो, म्हणून मलाही घास जात नाही." सुनेनं आपल्या वाटणीची पुरणपोळी तिला वाढली. सासू देवळातनं आली, बघितलं, रडली, सुनेचे हात धरले. कोठी उघडी राहिली, गावाला जेवण झालं. जशी लक्ष्मी त्यांना पावली, तशी तुम्हां नऊ लाखांना पावो. खाली नाव, रत्नप्रभा, अण्णा नगर.

दोन तास लागले. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! एकही पोळी करपली नाही त्या दिवशी.

दुपारी व्यासराज सरांचा फोन. कुशलच्या फोनवर, पण इतका मोठा आवाज की मला स्वयंपाकघरात ऐकू. "कोण आहे ही रत्नप्रभा? लोक म्हणतायत, क्लायमॅक्स फोडलाय तिनं! सगळीकडं पसरलंय! दारामागं देवी आहे म्हणून!"

तुम्हाला कळलं ना काय झालं? लोकांना वाटलं, पिक्चरचाच शेवट आहे! कुणीतरी मशीनमधनं तमिळ करून घेतलं, कुणी इंग्रजी केलं, आणि झालं, ट्रेलर कापणाऱ्याच्या आईनं शेवट फोडला! कुशल माझ्याकडं बघतोय. ओरडला असता तर बरं वाटलं असतं हो. मग बूट घातले, "सरांनी बोलावलंय" म्हणाला, आणि गेला.

काय केलं मी? त्याच्यासाठी व्रत धरलं आणि त्याचंच काम घालवलं? त्याचे बाबा कंपनीतनं आले, सगळं ऐकलं, चहा अर्धा ठेवला, म्हणाले, "जुन्या कंपनीत शब्द टाकून ठेवतो." मामी येऊन बसल्या. नळ गळतोय. टप्... टप्... आणि तुम्हाला सांगते, तेव्हा मला कळलं, पोरगा म्हणत होता ते खरंय. आवाज पोटाला कळतो!

साडेसहाला कुशल आला.

दार उघडलं. आत आला. बूट काढले. एक... मग दुसरा. पाणी प्यायला. अख्खा तांब्या, घटाघट. तांब्या खाली ठेवला. आमच्या तिघांच्या तोंडाकडं बघितलं. आणि उठून हात धुवायला गेला!

"अरे मेल्या!" मी आयुष्यात पोराला मेल्या म्हटलं नव्हतं. "अरे, पुढं काय झालं ते सांग ना!"

तर नळाखाली हात धरून हसतोय! म्हणाला, "आई, पिक्चरचा शेवट तो नाहीच. पण तू लिहिल्यापासनं अर्धे लोक म्हणतात, आत देवी आहे. अर्धे म्हणतात, शक्यच नाही, एवढ्या भीतिदायक पिक्चरमध्ये पुरणपोळी कशी येईल, आपल्याला मुद्दाम फसवतायत. रात्रंदिवस भांडतायत. नऊचे एकवीस लाख झाले. सर आधी रागावले, मग आकडे बघितले, मग बसले. मला कायम केलं."

मी देवघराकडं पळाले. मामींनी मला धरून दोन्ही गालांवरनं बोटं मोडली. संजीवरावांनी उरलेला अर्धा चहा गरम करून मागितला, म्हणजे फारच आनंद झालाय असं समजायचं.

"आणि सर म्हणाले," कुशल हळूच म्हणाला, "अम्मांना साष्टांग नमस्कार सांग. आणि त्यांचा फोन काही दिवस काढून घे."

घेतला काढून. हरकत नाही. पण एक रुखरुख राहिलीच की. एकवीस लाख लोकांना मी खरी कहाणी पूर्ण सांगितली, तर कुणी मानायला तयार नाही! म्हणतात, ही फसवतेय. मी! श्रावणातल्या शुक्रवारी! म्हणून पाचवा शुक्रवार केला, पण उद्यापन ठेवलं बाजूला. म्हटलं, पिक्चर लागू दे. त्यात काय ते दार उघडेल, आत देवी नसेल तर नसेल, जे असेल ते असेल, पण एकदाची गोष्ट संपेल, लोक घरी जातील, मग मी पाच सवाष्णी जेवायला बोलावते. चुकीचं आहे का हो?

दसऱ्याच्या आधी लागला पिक्चर. पहिल्याच दिवशी, अण्णा नगरातल्याच थिएटरात, मी, हे आणि कनका मामी. नऊवारी नेसून गेले होते हो मी, पोराच्या नावाची पाटी येणार म्हणून. आली पण! एवढीशी, खालच्या कोपऱ्यात, मी टाळ्या वाजवल्या, पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मग सुरू झालं. अडीच तास! काय सांगू! आमचाच नळ सरांनी पिक्चरमध्ये पण घातलेला, तो गळतोय, म्हशीसारखी घंटा हंबरतेय, मामींनी माझ्या दंडात नखं रुतवलीत, त्यांना बाजूला करावं तर माझी नखं यांच्या दंडात. आणि शेवटी, शेवटी एकदाची ती बाई दारापाशी गेली. रेडिओ बंद. श्वास बंद. अख्ख्या थिएटरचा श्वास बंद. कडीवर हात ठेवला. कडी काढली. दार कर्रर्र करून हललं. मी दोन्ही हात जोडले. आणि...

काळं!

मोजलं मी. एक... दोन... तीन... चार... आणि मग पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं : भाग पहिला समाप्त.

पहिला! अहो, समाप्त कसला? दार तसंच! मी उभी राहिले की हो! "अरे, पुढं काय झालं?" असं मराठीत ओरडले भर थिएटरात. आणि तुम्हाला सांगते, मागनं दोन-चार पोरं किंचाळली, "अम्मा! ट्रेलर अम्मा!" माझा आवाज ओळखला त्यांनी! फोटो काढले माझ्याबरोबर! मामी आपल्या बसूनच, "पोदुम् गो, पुरे आता, घरीं चल, मला भय होतें."

घरी आलो तर कुशल दारातच, तोंडभर हसत. "आई! दुसऱ्या भागाचा ट्रेलर पण माझाच! दोन वर्षांचं काम! आणि चाललाच तर सर म्हणतात, तिसरा भाग!"

मी म्हटलं, "बाळा, दार कधी उघडणार?"

तर इतक्या प्रेमानं हसला हो, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, दार उघडलं की मी घरी बसलो!"

आता तुम्हीच सांगा, मी काय करू? उद्यापनाला पाच सवाष्णी बोलावल्यात, पुरण शिजलंय, काल संध्याकाळी हळदकुंकू घेऊन देवीपुढं बसले, आणि मागायला तोंड उघडलं तर मागणंच सुचेना. गोष्ट संपू दे म्हणावं, तर पोराचं काम जातं. काम टिकू दे म्हणावं, तर ती बिचारी बाई जन्मभर कडीवर हात ठेवून उभी. मग कुंकू वाहिलं, डोकं टेकलं आणि म्हटलं, बाई गं, माझं काही मागणं नाही... तुला योग्य वाटेल तिथं कट कर.